कामावरची इजा: भरपाईत काय बसतं?

प्रश्न : गोदामात खोकं उचलताना पाठीत उसण भरली. पाठदुखी मला आधीपासून होती. मालक म्हणतात, हे जुनंच दुखणं आहे, भरपाई मिळणार नाही. खरं आहे का?

उत्तर : पाठ आधी दुखत होती, एवढ्यावर दावा संपत नाही. कामामुळे जुनं दुखणं बळावलं, तर बऱ्याच देशांचे कायदे त्याला कामावरची इजा धरतात. भांडण होतं ते पुराव्यावरून, आणि पुरावा बहुधा पहिल्या केसपेपरवरच बिघडतो. डॉक्टर विचारतात, ‘काय होतंय?’ आपण म्हणतो, ‘पाठ दुखतेय.’ तेवढंच कागदावर उतरतं. पुढे विमा कंपनी तोच कागद दाखवते : यात कामाचा उल्लेख कुठे आहे?

म्हणून डॉक्टरांना सगळं सांगा. किती वाजता दुखलं, खोकं अंदाजे किती किलोचं, जमिनीवरून उचललं की खांद्याच्या उंचीवरून उतरवलं, उचलताना कंबर वळलेली होती का, कळ पायात कुठपर्यंत गेली. जुनं दुखणं मात्र लपवू नका. आधी किती दुखायचं, तरी कोणती कामं होत होती आणि आता कोणती होत नाहीत, या फरकावरच तुमचा दावा उभा आहे. लपवलेली गोष्ट जुन्या कागदांतून बाहेर आली, की खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. सुपरवायझरला त्याच दिवशी लेखी कळवा आणि पोच घ्या.

प्रश्न : मी पॅकिंगचं काम करते. अपघात असा झाला नाही, पण रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते. हे धरतात का?

उत्तर : आधी बोटं नीट तपासा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होत असेल, पण करंगळी मोकळी राहत असेल, तर मनगटातली मीडियन नस दबल्याची शंका घ्यावी. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या व्यावसायिक आजारांच्या यादीत तो आहे. मात्र काम कसलं हेही त्यात दिलंय : दीर्घकाळ जोर लावून तीच ती हालचाल, कंपन किंवा मनगट फार वाकवून केलेलं काम. तेव्हा एका पाळीत किती खोकी बंद करता, टेप ओढताना मनगट कसं वळतं, हे मोजून लिहून ठेवा. नर्व्ह कंडक्शन चाचणी (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते पाहणारी) करून घ्या. मधुमेह, थायरॉइड किंवा गरोदरपणातही हा त्रास होतो. तो मुद्दा समोरून येणारच, म्हणून त्याही तपासण्या हाताशी असू द्या. दावा करण्याची मुदत कधीपासून मोजतात, हे आजच विचारा. अशा दुखण्यांत दावे मुदतीवरच बुडतात.

प्रश्न : वडील २२ वर्षं कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये (यंत्राने पत्रे दाबून आकार देतात तिथे) होते, आता निवृत्त आहेत. ऐकू कमी येतं. वयामुळे की आवाजामुळे?

उत्तर : ऑडिओग्राममध्ये, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखात, बरंच कळतं. आवाजाने बिघडलेल्या कानाचा आलेख ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात खाली जातो, बहुधा ४००० च्या आसपास, आणि ८००० ला पुन्हा थोडा वर येतो, म्हणजे आलेखात खाच दिसते. साधारणपणे दोन्ही कानांत सारखंच दिसतं. वयाने मात्र आलेख वरच्या फ्रीक्वेन्सीकडे (उंच सुरांकडे) उतरतच जातो. वर्षं जातात तसा वयाचा उतार आवाजाच्या खाचेला झाकून टाकतो, म्हणून चाचणी लांबवू नका. कारखान्यातल्या आवाजाच्या मोजणीची नोंद मागा. बऱ्याच ठिकाणी ८ तासांसाठी ८५ डेसिबल ही मर्यादा धरतात; त्यापुढे दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मी धरतात, म्हणजे ९१ डेसिबलला २ तास.

प्रश्न : कामावर जाताना गाडीवरून पडलो. भरपाई मिळेल?

उत्तर : हे देशोदेशी वेगळं आहे. श्रम संघटनेच्या १९६४ च्या शिफारशीत घर ते कामाची जागा हा थेट रस्ता धरलाय, आणि नेहमीच्या जेवणाच्या किंवा पगार घेण्याच्या ठिकाणाचाही. खासगी कामासाठी वाट बदलली असेल तर दावा अडतो. मालकाच्या कामानेच निघाला असाल, तर त्यांचा निरोप फोनमधून पुसू नका.