दुखणं गेलं, पण तोल आला का?

प्रश्न : मी कॉलेजच्या संघातून कबड्डी खेळतो. वर्षभरात डावा घोटा तीनदा मुरगळला. एक्स-रेत काही नाही, आता दुखतही नाही. मग परत परत का मुरगळतो? (चढाईपटू, कसबा पेठ)

एक्स-रेत हाडं दिसतात. तुझं बिघडलंय ते हाडात नाही. पाय आत वळून मुरगळतो तेव्हा सहसा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं, पुढचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड जोडणारा चिवट पट्टा, ताणलं जातं, कधी फाटतं. हे लिगामेंट म्हणजे नुसती दोरी नव्हे. पाऊल कुठे, किती कललंय याची खबर मेंदूला देणारे बारीक संवेदक त्यात असतात. सूज उतरते, ठणका जातो, पण ती खबर धड पोचत नाही. फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्येच हे मांडलं आणि उपाय म्हणून डुगडुगत्या फळीवरचे व्यायाम सुचवले. पोटरीच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू कमजोर राहणं, हेही एक कारण असतं.

आज रात्री एवढं करून बघ. अनवाणी, भिंतीजवळ, आधी उजव्या पायावर उभा राहा, मग डाव्या. डोळे उघडे असताना फारसा फरक वाटणार नाही. मग डोळे मिट. डाव्या पायाचा अंगठा लादीवर इतका दाबला जाईल की नखाखाली पांढरं पडेल, घोट्यापुढच्या शिरा थडथड उडू लागतील आणि बघता बघता दुसरा पाय खाली टेकेल. इतके दिवस त्या घोट्याची उणीव डोळे झाकत होते. आणि चढाई करताना तुझे डोळे बचावपटूंवर असतात, पायाकडे नाही.

आठवड्यातून चार-पाच दिवस, रोज दहा मिनिटं, किमान सहा आठवडे. एका पायावर तीस सेकंद जमलं की डोळे मिटून. तेही जमलं की मित्राला चेंडू टाकायला सांग, तू झेल. मग एका पायावर उडी मारून उतरायचं आणि तीन सेकंद तसंच थांबायचं, आधी पुढे, नंतर आडवं. शेवटी मित्राने कमरेला टॉवेल बांधून ओढायचं, तू तोल सावरायचा. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि कबड्डीत नेमकी तीच लागते. सोबत टाचा उचलून चवड्यांवर चढणं-उतरणं. पहिले काही महिने खेळताना ब्रेस किंवा टेप लावलास तर हरकत नाही, पण ते व्यायामाऐवजी नव्हे.

प्रश्न : मुलगी खो-खो खेळते. गुडघ्याच्या एसीएलची (गुडघा आतून धरून ठेवणाऱ्या लिगामेंटची) शस्त्रक्रिया होऊन पाच महिने झाले. छान पळते. पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे, सर म्हणतात उतरव. (आई, सिंहगड रोड)

नको. सरळ पळणं ही तिची परीक्षाच नाही. खो-खोत खांबाजवळ एका पायावर गर्रकन वळावं लागतं, आणि नव्या लिगामेंटवर खरा ताण तिथेच येतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात असं दिसलं, की नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितकं लांबवलं, तितका गुडघ्याला पुन्हा इजा होण्याचा धोका दर महिन्याला जवळपास निम्म्याने घटत गेला. नऊ महिने झाले म्हणजे परवानगी मिळाली, असंही नाही. मांडीची ताकद आणि एका पायावरच्या उड्यांचं अंतर चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के हवं. उडीवरून उतरताना गुडघा आत पडत नाही ना, हे समोरून मोबाइलवर चित्रीकरण करून फिजिओला दाखवा. निवड चाचणी पुढच्या वर्षीही असते. सरांना हा कागद दाखवलात तरी चालेल.

प्रश्न : तोलासाठी ऑनलाइन बोसू बॉल (वर उभं राहायचा, खालून सपाट असा अर्धा चेंडू) मागवू का?

घरात जुनी गादी आहे ना? दुमडा आणि वर उभे राहा. माझ्याकडचा बॉल सध्या मांजर वापरतं.

प्रश्न : वय ५२. सिंहगड उतरताना घोटा मुरगळला, त्याला दोन महिने झाले. परत कधी जाऊ? (कोथरूड)

मुरगळला त्या दिवशी चार पावलंही टाकता येत नव्हती, किंवा घोट्याचं हाड मागच्या कडेला दाबून दुखत होतं, आणि एक्स-रे राहिला असेल, तर आधी तो काढा.

नाहीतर घरी एक मोजमाप करा. फरशीवर चिकटपट्टीची सरळ रेघ मारा. एका पायावर उभं राहून, टाच न उचलता, दुसऱ्या पायाचा अंगठा रेघेवर पुढे जिथवर पोचेल तिथे खूण करा. दोन्ही पायांत चार सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडला, तर अजून गडाची वेळ आलेली नाही. फरक भरून निघाला की आधी पर्वती. तिथे पायऱ्या एकसारख्या आहेत आणि धरायला कठडाही सापडतो. मग तळजाईची कच्ची वाट. सिंहगड त्यानंतर. चढण सोपी जाते. उतरताना मात्र मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात, दमतात, आणि दमलेल्या पायाचा अंदाज चुकतो. माझा पाय घसरला तोही खाली वाहनतळ दिसू लागल्यावरच. म्हणून पहिल्या एक-दोन वेळा चालत चढा आणि उतरताना गाडीने या.