बाइकच्या पुढच्या शॉकमधून ऑइल गळतंय. स्पेशल टूल नसताना सील (तेल अडवणारी रबरी कडी) घरी बदलता येईल का?

येईल. साताऱ्यात यवतेश्वर घाटाने कासला जा-ये करणाऱ्यांना हे दुखणं चांगलं माहीत आहे. चिखल शॉकच्या पाइपवर वाळतो आणि सीलची कड खातो.

शॉक उतरवण्याआधीच खालचा अ‍ॅलन बोल्ट (षटकोनी खाचेचा) सैल करा. आत स्प्रिंगचा दाब असतो म्हणून तो सुटतो. नंतर आतला रॉडच गरगर फिरत बसतो, मी अर्धा दिवस असाच घालवलाय. वरची टोपी काढताना तोंड बाजूला ठेवा, स्प्रिंग उडते. सील धरून ठेवणारी क्लिप काढून जुनं सील स्क्रूड्रायव्हरने उचका, पण खाली चिंधी घाला, आतल्या भिंतीला ओरखडा नको.

नवं सील ठोकायला प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप पुरतो. शॉकच्या पाइपवर सहज सरकेल आणि सीलच्या बाहेरच्या कडेवर टेकेल असा निवडा. मध्ये जुनं सील ठेवून हळूहळू ठोका. त्याआधी शॉकच्या पाइपच्या टोकाला तेल लावलेली प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा, म्हणजे सीलचा ओठ (आतली कड) फाटत नाही.

शॉकच्या पाइपवर गंजाचे खड्डे नखाला लागत असतील तर मात्र सील बदलून उपयोग नाही, पुन्हा गळणारच. ऑइल मॅन्युअलप्रमाणे भरा, दोन्ही शॉकमध्ये सारखं. ब्रेकच्या डिस्कवर सांडलं तर लगेच पुसा.