एकवीस दिवस उलटले म्हणून सुटलात असे नव्हे

फोंड्याहून एका वाचकाने विचारले आहे, आणि थोड्याफार फरकाने हेच विचारणारे बरेच जण आहेत: टेलिग्रामवर पुस्तकप्रेमींचा गट चालवतो, तिथे पायरेटेड ई-बुकांवर मोकळेपणी बोलले जाते. एका सभासदाने नव्या कादंबरीची पीडीएफ टाकली. प्रकाशकाची ई-मेलने तक्रार आली, तिला २१ दिवस होऊन गेले, कोर्टाचा आदेश काही आला नाही. विषय संपला ना? की अशी चर्चाच बंद करू?

पीडीएफ अजून गटात पिन केलेली आहे, हे तुम्ही शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिले आहे. सगळे तिथेच अडले आहे.

ते २१ दिवस कॉपीराइट नियम २०१३ मधल्या नियम ७५ चे. इतरांचा मजकूर ठेवणाऱ्या मध्यस्थाने तक्रार मिळाल्यापासून ३६ तासांत तो अडवायचा, २१ दिवस अडवून ठेवायचा, आणि तेवढ्यात तक्रारदाराने कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. म्हणजे ही सवलत अडवणाऱ्याला आहे. तुम्ही ३६ तासांत बोटही हलवले नाही, मग २१ दिवस कसले मोजता? गटाचा अ‍ॅडमिन या नियमाखाली येतो का, यावर वाद घालता येईल. पण कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ला तो वाद लागत नाही. तिथे ‘जाणूनबुजून’ केलेले उल्लंघन किंवा त्याला साहाय्य एवढे पुरते, आणि तक्रार वाचल्यावर ‘मला माहीत नव्हते’ म्हणायची सोय उरत नाही. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे, शिवाय दंड. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे.

सभासदाच्या संदेशासाठी निव्वळ अ‍ॅडमिन म्हणून कुणी दोषी ठरत नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकाल आहे. गोव्यातले पर्वरीचे खंडपीठ त्याच उच्च न्यायालयाचे, त्यामुळे तो आपल्याकडे वजनदार. मात्र ते प्रकरण कॉपीराइटचे नव्हते, आणि पिन तुम्हीच केली असेल तर त्याचा आधार लंगडा पडेल.

आज करायचे ते या क्रमाने. आधी तारीख, पाठवणारा आणि पिन दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, चॅट एक्सपोर्ट करा. फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याचा कायदा, कॉपीराइटचा नव्हे) कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र जोडल्याशिवाय नुसत्या प्रिंटआउटचा भरवसा नाही. मग फाइल सर्वांसाठी डिलीट करा. प्रकाशकाला दोन ओळी: अमुक तारखेला मजकूर काढला. ‘चूक झाली, माफ करा’ लिहू नका. पोलिसांची नोटीस आली तर हजर राहण्याआधी वकील गाठा. अटकपूर्व जामिनाची वाट सत्र न्यायालयातून आहे. टोपणनावावरही विसंबू नका: शिकवणीच्या साहित्याच्या एका दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये टेलिग्रामकडून चॅनेलवाल्यांचा तपशील मागवला होता.

चर्चा बंद करायची गरज नाही. पुस्तके महाग का, ई-आवृत्ती का निघत नाही, पायरसी योग्य की अयोग्य, खुशाल भांडा. लिंक, फाइल, बॉटचे नाव आणि ई-बुकाचे कुलूप तोडायची कृती तेवढी नको. कुलपासाठी कलम ६५-अ वेगळे आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेचे. मुदत संपलेली पुस्तके मात्र बिनधास्त वाटा: लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे मोजायची. सांकवाळचे धर्मानंद कोसंबी १९४७ मध्ये गेले, त्यांचे लेखन २००८ पासून मोकळे. कवी बा. भ. बोरकर १९८४ मध्ये गेले, ते २०४४ अखेरपर्यंत नाही. नवा अनुवाद किंवा नवी प्रस्तावना असेल तर तिचा हक्क निराळा.

राहिली सभासदांकडून घेतलेली महिना ३० रुपये वर्गणी. व्यापारी फायद्यासाठी केले नसेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली कोर्ट शिक्षा कमी करू शकते, आणि ही वर्गणी त्याच्याच आड येईल. ती आजपासून थांबवा, पण यूपीआयचे जुने व्यवहार पुसू नका.