ठेवीदारांची शंका

प्रश्न : मुलगा श्टुटगार्टला नोकरीला आहे. श्पार्कासे बँकेतले त्याचे दीड लाख युरो तो जास्त व्याजासाठी एका खासगी ऑनलाइन बँकेत हलवायचं म्हणतोय. 'आई, सगळीकडे विमा आहे,' एवढंच सांगतो. पण तिथे म्हणे तीन-चार वेगवेगळ्या योजना आहेत. एका देशात इतक्या कशाला?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, मुलगा खोटं बोलत नाही, पण 'सगळीकडे'मध्ये मेख आहे.

आपल्याकडे ठेव विम्याचं महामंडळ एकच. एका बँकेतल्या तुमच्या सगळ्या शाखा, सगळ्या पावत्या मिळून पाच लाख. (काउंटरवर असताना रोज चार जणांना हे समजावत होतो. पतसंस्थेला तर तेही नाही.) जर्मनीत मात्र बँकांची तीन घराणी: श्पार्कासे म्हणजे गावोगावच्या सार्वजनिक बचत बँका, सहकारी बँका आणि खासगी बँका. पहिल्या दोघांत भाऊबंदकी चांगल्या अर्थाने चालते. एक बँक डळमळली की बाकीच्या तिला सावरतात, बुडूच देत नाहीत. सहकारी बँकांची ही सोय 1934 पासूनची.

खासगी बँक बुडू शकते. मग कायद्याने माणशी, बँकेमागे एक लाख युरो मिळतात, व्याज धरून. त्यावर बँकांचा स्वतःचा ऐच्छिक निधी आहे. 1974 मध्ये कोलोनची हेर्श्टाट बँक कोसळली, त्यानंतर 1976 मध्ये तो उभा राहिला. पण ऐच्छिक म्हणजे ऐच्छिक. प्रत्येक बँक त्यात नसते. शिवाय ऑनलाइन बँक युरोपातल्या दुसऱ्या देशाची शाखा असेल, तर पैसे देणार तिच्या मायदेशाची योजना.

2021 मध्ये ब्रेमेनची ग्रीनसिल बँक बुडाली. घरगुती ठेवीदारांना पैसे मिळाले. व्याजाच्या मोहाने तिथे पैसे ठेवणाऱ्या नगरपालिका मात्र अडकल्या, कारण 2017 पासून ऐच्छिक निधीने त्यांना वगळलं होतं आणि कायद्याचं संरक्षणही त्यांना नव्हतं. हिशेबनीस पगारी असूनही!

मुलाला सांगा, ठेवीदारांसाठीचं माहितीपत्रक बँकेकडून माग. कोणती योजना लागू आहे, ते त्यात छापलेलं असतं. ऐच्छिक निधीचं सदस्यत्व नसेल, तर तिथे पंचाण्णव हजारांच्या वर जाऊ नको. उरलेले श्पार्कासेतच राहू देत. आणि एकाच बँकेची दोन नावं असतात, तीही बघायला सांगा. परवाना एक असेल तर लाखाची मर्यादाही एकच.