बैल आणू नकोस

प्रिय बाबू,

तुझी फिल्म पाहिली. बंडी नाल्यात कोसळते ते दाखवायला भाड्याची बंडी, बैलजोडी, ड्रोन, आणि वर बंडीवाल्याची नुकसानभरपाई! हसू काही आले नाही. अन् तू म्हणतोस, आणखी पैसा असता तर जमले असते.

१९३० च्या आसपासचे लॉरेल-हार्डी या विनोदी जोडीचे दोन-दोन रिळांचे, म्हणजे वीसेक मिनिटांचे, बोलपट पाहा म्हटले, तर तुला ते संथ वाटले. वाटणारच. धुऱ्यावर बसून एकट्याने मोबाइलवर पाहिलेस. वाक्यांमधली ती रिकामी जागा भरल्या थिएटरातल्या हशासाठी आहे. झाडीपट्टीच्या नाटकात मंचावर आपणही हशा ओसरेपर्यंत पुढचे वाक्य दाबून धरतोच ना?

तेव्हा आवाज नवा होता अन् छळायचाही. कॅमेऱ्याची घरघर माइकमध्ये शिरू नये म्हणून सुरुवातीला कॅमेरा कॅमेरामनसकट बंद खोक्यात कोंडत. मार्क्स बंधू या विनोदी नटांच्या १९२९ च्या पहिल्या बोलपटात नकाशाचा कागद माइकपुढे फार कडकडायचा, म्हणून तो पाण्यात भिजवला. पडद्यावर तो मलूल लोंबतो. मला त्या संवादांपेक्षा तो ओला कागदच जास्त हसवतो, पण ते असो.

पुढे हाच छळवादी आवाज स्वस्तातला गडी झाला. एक जण दाराआड जातो. धडाम! भांडी गडगडतात. कॅमेरा मात्र बाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या तोंडावर. पडणे दाखवलेच नाही, म्हणून प्रत्येक प्रेक्षक ते आपल्या मनात पाडतो, अन् तेही फुकटात. १९३२ च्या ‘द म्युझिक बॉक्स’मध्ये तर खोक्यातला पियानो, लांबलचक पायऱ्या अन् लॉरेल-हार्डी, एवढ्यावर तीन रिळे निघाली. ऑस्करही मिळाले.

आता तुझी बंडी. ती बांधाआड जाऊ दे. कॅमेरा मालकावर ठेव. तो पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटतो आहे. धडाम. हात थांबतो. बराच वेळ काहीच नाही. मग एक चाक एकटेच गडगडत येते अन् त्याच्या पायाशी आडवे होते. तो चाकाकडे बघतो, अन् पुन्हा घोटायला लागतो.

मंडईच्या जत्रेला येशील तेव्हा टिनाचे रिकामे पिंप घेऊन ये. मोडके चाक माझ्या कोठ्यात पडून आहे, आवाज करून पाहू. बैल आणू नकोस.

तुझा,
काका