मुलगा इंग्रजी उतारा घडाघडा वाचतो पण समजत नाही, ऐकून तर काहीच कळत नाही, काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा नववीला आहे, मराठी मिडीयम, इंग्रजीचा धडा घडाघडा वाचतो, उताऱ्याखालच्या प्रश्नांची उत्तरंपण बऱ्यापैकी बरोबर लिहितो, पण "यात काय सांगितलंय रे" असं विचारलं की गप्प बसतो, आणि इंग्रजी नुसतं कानावर पडलं तर "लई फास्ट बोलतात" म्हणून सोडूनच देतो, तर क्लास बदलावा का. मी सोलापुरातच, पूर्व भागातल्या एका शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते, एकवीस वर्षं झाली. माझ्या वर्गात निम्म्या पोरांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड नाहीतर उर्दू, शाळेत मराठी, आणि त्यावर हे इंग्रजी. तुम्ही सांगताय तसा मुलगा मला दर जूनमध्ये भेटतो, एक नाही, वीस-पंचवीस भेटतात. क्लास बदलायची घाई करू नका, आधी तो अडकतोय कुठं ते बघू.

हे वाक्य वाचा. "टिंबक्याने काल चिरमट भुंगारात तीन ढोपळे कुरवटले." आता सांगा, टिंबक्याने किती ढोपळे कुरवटले? तीन. कुठं? चिरमट भुंगारात. कधी? काल. तिन्ही उत्तरं बरोबर, पैकीच्या पैकी मार्क, आणि ढोपळा खायचा असतो का पांघरायचा हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही, कारण हे वाक्य मी आत्ता मनानं केलंय. तुमचा मुलगा उताऱ्यात नेमकं हेच करतोय. प्रश्नातला एक शब्द धरायचा, तो उताऱ्यात कुठं दिसतो ते शोधायचं, त्याच्या पुढचंमागचं उचलून लिहायचं. पोरं हुशार असतात म्हणूनच त्यांना हे जमतं, आणि खरं सांगायचं तर आम्ही शिक्षकांनीच त्यांना "की-वर्ड बघा" म्हणून ही सवय लावलेली असते. मीपण पहिली काही वर्षं हेच शिकवलं आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मला हे कळलं ते एका मुलामुळं. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची, पोरगा मन लावून अभ्यास करणारा. उताऱ्यात एक माणूस त्याचं जुनं घड्याळ घेऊन दुकानात जातो आणि "द शॉपकीपर टर्न्ड डाऊन हिज ऑफर" असं वाक्य होतं. प्रश्न होता, दुकानदाराने काय केलं. पोरानं वाक्य जसंच्या तसं उतरवलं, मी बरोबरची खूण केली. नंतर सहज विचारलं, म्हणजे काय झालं रे? तर म्हणाला, "मॅडम, दुकानदारानं ऑफर खाली वळवली." म्हणलं खाली वळवली म्हणजे? जरा विचार करून म्हणाला, "भाव पाडला असेल." म्हणजे दुकानदारानं नाही म्हणून सांगितलं हेच त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं, आणि मग पुढं तो माणूस घड्याळ तसंच खिशात घालून घरी का येतो, रात्री जेवत का नाही, हे काहीच त्याला लागलं नव्हतं. मार्क मात्र दहापैकी आठ! त्या दिवसापासून उतारा झाला की मी आधी पुस्तक बंद करायला लावते आणि मराठीत विचारते, काय झालं सांग. मराठीत सांगितलं की इंग्रजी बिघडतं असं बरेच पालक म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही, समजलंय का नाही हे बघायला पोराची सगळ्यात पक्की भाषाच लागते. घरी कन्नड बोलत असाल तर कन्नडमध्ये सांगू द्या, काही बिघडत नाही.

आता ऐकण्याचं. "लई फास्ट" ही तक्रार सगळीच पोरं करतात, पण नुसता वेग हे त्याचं कारण नाही. मराठी बोलताना आपण जवळजवळ प्रत्येक अक्षर स्वच्छ उच्चारतो. इंग्रजी बोलणारा माणूस वाक्यातल्या दोन-तीन शब्दांवर जोर देतो आणि बाकीचे बारके शब्द एकमेकांना चिकटवून टाकतो. वहीत "टर्न इट ऑफ" असे तीन शब्द असतात, तोंडातून येतं "टर्निटॉफ". "पिक इट अप" चं "पिकिटप" होतं, "नेक्स्ट डे" मधला ट गळून "नेक्सडे" राहतं, "व्हॉट डू यू वॉन्ट" चं तर "वॉड्यावॉन्ट". तुमच्या मुलाला टर्न, इट, ऑफ हे तिन्ही शब्द येतात, पहिली-दुसरीपासून येतात, पण कानाला टर्निटॉफ नावाचा एक अनोळखी शब्द लागतो, तो त्याचा अर्थ शोधत बसतो आणि तेवढ्यात पुढची दोन वाक्यं निघून जातात. आणि वर्गात आम्ही वाचून दाखवतो तेव्हा एकेक शब्द सुटा सुटा करून वाचतो, मग कानाला हे जोडकाम ऐकायची सवय लागणार कधी.

हे ऐकणं आणि ते वाचणं याच्यात मोठं नातं आहे, आणि मला तुम्हाला खरं तर हेच सांगायचंय. घडाघडा वाचणारी पोरं थांबतात कुठं ते एकदा लक्ष देऊन ऐका. मागच्या वर्षी मी फळ्यावर लिहिलं होतं, "दि ओल्ड मॅन हू लिव्ह्ड निअर द टेम्पल सोल्ड फ्लॉवर्स." एका मुलीनं "निअर" पाशी दम घेतला आणि पुढं "द टेम्पल सोल्ड फ्लॉवर्स" एका दमात वाचलं, अर्थ विचारला तर म्हणाली, देवळानं फुलं विकली. आम्ही सिद्धेश्वराच्या देवळाबाहेरच्या फुलवाल्या आजोबांवरूनच बोलत होतो तरी. मी काहीच सांगितलं नाही, फक्त तेच वाक्य वाचून दाखवलं, "टेम्पल" नंतर थांबून. तिचा चेहराच बदलला, "अय्यो मॅडम, म्हाताऱ्यानं विकली!" शब्द तेच, व्याकरण मी शिकवलं नाही, नुसता थांबा बदलला. कुठले शब्द एकत्र घ्यायचे हे डोळ्याला दिसत नाही ताई, ते कानानं कळतं, आणि एकदा कानात बसलं की मग मनातल्या मनात वाचतानाही पोरगं तसंच वाचतं.

म्हणून वाचणं वेगळं आणि ऐकणं वेगळं असं करू नका, एकच मजकूर दोन्हीला वापरा. शंभर-सव्वाशे शब्दांचा, म्हणजे ऐकायला साधारण एक मिनिटाचा तुकडा घ्यायचा. विषय काय आहे ते आधी मराठीत सांगा आणि यात काय काय येईल ते त्याला ओळखू द्या. मग पुस्तक बंद ठेवून एकदा ऐकू द्या, आणि जे पकडलं ते सांगू द्या, एक शब्द पकडला तरी चालेल, रागवायचं नाही. पुन्हा एकदा तसंच. तिसऱ्या वेळी मजकूर समोर ठेवायचा, बोलणारा जिथं थांबतो तिथं पेन्सिलनं तिरकी रेघ मारायची आणि जे शब्द चिकटून आले त्यांना गोल करायचा. मग परत पुस्तक बंद करून ऐकायचं, आणि या वेळी पोरांच्या तोंडावर जो आनंद दिसतो ना, आधी नुसता गोंगाट होता तिथं आता वाक्यं ऐकू येतात, तो मी इतकी वर्षं बघतेय तरी मला दर वेळी नवाच वाटतो. शेवटी बोलणाऱ्याबरोबर त्याच थांब्यांनी मोठ्यानं म्हणायचं. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. रोज नवा तुकडा घेऊ नका, तोच तीन दिवस चालवा. यूट्यूबवर स्पीड ०.७५ करता येतो, पण ते एखाद्या वेळेपुरतंच ठेवा, कारण आवाज संथ झाला तरी टर्निटॉफ चं टर्निटॉफच राहतं, जोड काही सुटत नाही.

ऐकायला काय द्यायचं. ब्रिटिश कौन्सिलची लर्नइंग्लिश टीन्स म्हणून साइट आहे, त्यात पातळीनुसार ऐकायचे तुकडे आणि त्यांचा लिहिलेला मजकूर दोन्ही मिळतं, नववीच्या मुलाला अगदी पहिल्या पातळीपासून सुरू करा, कमीपणा वाटून घेऊ नका. व्हॉईस ऑफ अमेरिकाने १९५९ मध्ये शिकणाऱ्यांसाठी संथ बातम्या सुरू केल्या होत्या, साधारण १५०० शब्दांतच सगळं बोलायचं असा त्यांचा नियम, त्यातलं जुनं काही सापडलं तर चांगलंच. बीबीसीचं सिक्स मिनिट इंग्लिश सगळे सुचवतात, छान आहे, पण नववीत अडखळणाऱ्या मुलाला ते जड जातं, अकरावीत लावा. प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर साइट आहे, २०१५ पासून, फुकट, तिथं बऱ्याच गोष्टी मराठीत आणि इंग्रजीतही आहेत, लेव्हल एक ते चार. चित्रांची पुस्तकं बघून नववीतला मुलगा नाक मुरडणार, तेव्हा त्याला सांगा की धाकट्या बहिणीला नाहीतर शेजारच्या बारक्याला वाचून दाखव. माझ्या वर्गातली पोरं अशीच तयार झाली.

पैसे आणि मोबाईल नसेल तरी अडत नाही. आपल्या सोलापूर स्टेशनवर गाड्यांची अनाउन्समेंट मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हीत होते. अर्थ मराठीत आधीच कळलेला असतो, वाक्यं ठरलेली असतात, म्हणजे पोराचं सगळं लक्ष नुसतं ऐकण्यावर राहू शकतं. कुणाला सोडायला हुतात्मा एक्स्प्रेसला गेलात तर दहा मिनिटं लवकर जा आणि त्याला विचारा, गाडी येतेय हे कसं म्हणाले, उशीर झालाय हे कसं म्हणाले. क्रिकेटचं तसंच आहे. मॅच इंग्रजी कॉमेंट्रीत लावा, खेळ त्याला तुमच्यामाझ्यापेक्षा जास्त कळतो, काय घडलं ते डोळ्याला दिसतंय, त्यामुळं बोललेलं आपोआप लागत जातं.

माहितीचं पाठबळ असलं की केवढा फरक पडतो ते मी डॉक्टर कोटणीसांच्या उताऱ्यात बघितलं. सोप्या इंग्रजीत दीडशे शब्द मीच लिहिले, १९१० मध्ये सोलापुरात जन्म, १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तिथल्या जखमी सैनिकांची सेवा केली आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. त्याच आठवड्यात तेवढाच सोपा पेंग्विनवरचा उतारा दिला होता तो निम्म्या वर्गाला लागला नाही, आणि कोटणीसांचा मागच्या बाकावरच्या पोरांनीही सांगितला, कारण त्यांचं स्मारक पोरांनी बघितलेलं आहे. मग मी उताऱ्यात नसलेला प्रश्न विचारला, त्यांना परत येता आलं असतं, का आले नसतील? वर्ग अर्धा तास भांडत होता, मराठी इंग्रजी मिसळून. अशा प्रश्नाचं उत्तर उताऱ्यातून उचलता येत नाही, म्हणून तुम्हीही घरी निदान एक तरी असा प्रश्न विचाराच.

उतारा किती अवघड असावा याला एक माप आहे. शब्दसंग्रहावर आयुष्यभर काम केलेले न्यूझीलंडचे पॉल नेशन आणि त्यांच्याबरोबरच्या संशोधकानं २००० साली मांडलं की कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट कळायची तर शंभरातले ९८ शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे दीडशे शब्दांत फक्त तीन नवे! आपण पोरांसमोर ठेवतो त्यात पंधरा-वीस असतात आणि मग म्हणतो लक्ष नाही. घरच्या वाचनाला सोपंच द्या, शाळेचं पुस्तक अवघड आहे ते शाळेत होईल. शब्द अडला की लगेच मोबाईल नको, आधी वाक्यावरून काय असेल ते ओळखू द्या, मग बघा.

बोर्डाची काळजी तुम्हाला असणारच. दहावीच्या ८० मार्कांच्या कृतिपत्रिकेत धड्याबाहेरचा उतारा १० मार्कांचा आणि सारांश ५ मार्कांचा येतो, बाकीचे २० शाळेत, त्यात तोंडीबरोबर श्रवणपण येतं. उचलून लिहायच्या सवयीवर पहिली एक-दोन कृती निघतात, पण सारांश आणि शेवटची स्वतःचं मत लिहायची कृती निघत नाही, तिथंच पोरं कोरी ठेवतात. हातात अजून दीड वर्ष आहे, भरपूर आहे.

अजून एक, मराठीत हाक मारली तरी तो दोनदा "काय?" म्हणत असेल तर कान तपासून घ्या, माझ्या वर्गात असं एक पोर निघालं होतं आणि आम्ही दोन वर्षं त्याला आळशी समजत होतो.

आता आज रात्री त्याच्या पुस्तकातला झालेला कुठलाही एक धडा घ्या, अर्धं पान त्याला मोठ्यानं वाचू द्या, तुम्ही फक्त तो थांबतो तिथं पेन्सिलनं रेघ मारा, मग पुस्तक मिटून मराठीत काय झालं ते विचारा. इंग्रजी तुम्हाला येत नसलं तरी एवढं जमतंय. जिथं सांगता आलं नाही ती दोन-चार वाक्यं रेघांसकट इथं लिहून पाठवा, कुठं अडलाय ते मी बघून सांगते.