वाचकांचे प्रश्न : न्यू जर्सीची पुतणी पार्ल्यात आणताना

प्रश्न : आम्ही विलेपार्ले पूर्वेला राहतो. माझे वय ४६, यजमानांचे ४९. मुलगा यंदा दहावीत आहे. माझे धाकटे दीर आणि जाऊ न्यू जर्सीत स्थायिक होते. गेल्या वर्षी मोटारीच्या अपघातात दोघेही गेले. त्यांची सात वर्षांची मुलगी तिच्या मावशीकडे असून तेथील न्यायालयाने मावशीलाच तिची पालक नेमले आहे. मावशी अविवाहित आहे, रुग्णालयात परिचारिका आहे आणि तिला रात्रपाळ्या असतात. मुलीला आम्ही दत्तक घ्यावे, असे तिनेच सुचवले. सासूबाई म्हणतात, घरचीच मुलगी आहे, दिवाळीत तिला घेऊन या आणि इथे दत्तकपत्र नोंदवून टाका. हे चालेल का? तिच्या नागरिकत्वाचे काय? आणि तिने आम्हांला आई-बाबा म्हणावे की काका-काकू? — एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : सासूबाईंचे म्हणणे त्यांच्या पिढीच्या अनुभवातून आलेले आहे. भावाचे मूल मांडीवर घेतले, दत्तहोम झाला, चार वडीलधाऱ्यांसमोर कागद झाला की ते मूल घरचे झाले, अशी कितीतरी दत्तकविधाने आपल्या घराण्यांत झाली आहेत. परंतु ती सारी एकाच देशातल्या मुलांची होती. तुमची पुतणी रक्ताने घरची असली तरी कायद्याच्या दृष्टीने ती अमेरिकेची नागरिक आहे आणि तिचे वास्तव्यही तिकडचेच आहे. म्हणून आधी तिला घेऊन यायचे आणि कागदांचे नंतर पाहायचे, हा क्रम तेवढा कृपा करून धरू नका.

याच क्रमाने अडचणीत आलेल्या एका जोडप्याचे प्रकरण आपल्याच उच्च न्यायालयात गाजले. त्यांनी नात्यातला, अमेरिकेत जन्मलेला मुलगा लहानपणीच भारतात आणून वाढवला आणि पुढे त्याला येथील कायद्याने दत्तक घेण्याची परवानगी मागितली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती नाकारली. मूल नात्यातले असले तरी अमेरिकी नागरिक असलेले मूल दत्तक घेण्याचा मूलभूत हक्क भारतीयांना नाही. त्यांनी आधी अमेरिकेत तेथील कायद्यानुसार दत्तकाची प्रक्रिया पूर्ण करावी आणि मगच मूल भारतात आणण्याची पुढची कार्यवाही व्हावी, असा त्या निकालाचा आशय आहे. तुमची पुतणी अनाथ आहे, हा फरक महत्त्वाचा आहे. तरीही ती तिकडे राहत असल्यामुळे वाट तीच.

नोंदणीकृत दत्तकपत्राविषयी स्पष्टच सांगते. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यातसुद्धा, आईवडील दोघेही हयात नसतील तर पालकाला न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून मूल दत्तक देता येत नाही. त्यावर बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ५६ मध्ये असे म्हटले आहे की, आंतरदेशीय, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात होणारी, दत्तके केवळ त्याच कायद्याप्रमाणे आणि त्याखालील विनियमांप्रमाणे व्हावीत. मावशीने सही केली आणि निबंधकाने शिक्का मारला म्हणून त्या कागदाला अमेरिकेत किंवा इथल्या पारपत्र कार्यालयात किंमत येणार नाही.

आता खरी वाट. भारत आणि अमेरिका हे दोन्ही देश १९९३ च्या हेग दत्तक कराराचे सदस्य आहेत. भारतात तो ऑक्टोबर २००३ पासून आणि अमेरिकेत एप्रिल २००८ पासून लागू आहे. या करारात प्रत्येक देशाची एक मध्यवर्ती यंत्रणा असते. आपली ती दिल्लीतील केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘कारा’. अमेरिकेची ती तेथील परराष्ट्र विभागात आहे. तुमच्या प्रकरणात अमेरिका मूल देणारा देश आणि भारत मूल स्वीकारणारा देश ठरतो. स्वीकारणाऱ्या देशाने तीन गोष्टींची खात्री द्यायची असते : पालक पात्र व योग्य आहेत, त्यांचे समुपदेशन झाले आहे, आणि मुलाला या देशात येऊन कायमचे राहता येईल. ही खात्री आणि पुढे दत्तकाला संमती कारा देते, पण ती तुमचा गृह अध्ययन अहवाल, म्हणजे समाजसेविकेने घरी येऊन केलेल्या पाहणीचा अहवाल, पाहून. त्यासाठी काराच्या संकेतस्थळावर लिहा, मुंबई उपनगर जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाशी संपर्क साधा आणि उत्पन्नाचे, विवाहनोंदणीचे व प्रकृतीचे दाखले आतापासून जमवा. जोडप्याच्या वयाच्या बेरजेवर जी मर्यादा असते ती नात्यातल्या दत्तकाला लागू होत नाही, त्यामुळे तुमच्या पंच्याण्णव वर्षांच्या बेरजेची काळजी नको. कायद्यातील ‘नातेवाईक’ या शब्दात काका-काकू, मामा-मामी, आत्या-मावश्या आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा येतात. तुम्ही त्यात बसता.

न्यू जर्सीत तुम्हांला हेग करारान्वये मान्यता असलेली दत्तक संस्था आणि दत्तकाची कामे करणारा वकील, असे दोघेही लागतील. पालक म्हणून मावशीची संमती तेथील न्यायालयासमोर नोंदवली जाईल आणि मुलीचे म्हणणेही तिच्या वयाच्या मानाने ऐकले जाईल. दत्तकाचा आदेश झाल्यावर अमेरिकेचा परराष्ट्र विभाग हेग प्रमाणपत्र देतो, आणि त्या प्रमाणपत्रामुळेच हे दत्तक भारतात पुन्हा सिद्ध करावे लागत नाही. आदेश आणि जन्मदाखला यांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा यासाठीचे प्रमाणीकरण, करून घ्या. न्यू जर्सीत हे काम गंमत म्हणजे राज्याच्या कोषागार विभागाकडे असते. दत्तकानंतर जन्मदाखला नव्याने निघतो, म्हणून आईवडिलांची नावे असलेल्या जुन्या दाखल्याच्या दोन-तीन प्रमाणित प्रती आधीच काढून ठेवा. त्या तिच्या आहेत.

नागरिकत्वाची घाई करू नका. दत्तक घेतल्याने ती आपोआप भारतीय होत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात भारतीय आईवडिलांच्या अज्ञान (अल्पवयीन) मुलांची नोंदणी करण्याची तरतूद आहे, पण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व चालत नाही. भारतीय नागरिकांची अज्ञान मुलगी म्हणून तिला परदेशस्थ भारतीय नागरिकाचे, म्हणजे ओसीआय, कार्ड मिळू शकते, आणि त्यावर ती इथे राहू-शिकू शकते. पुढे नीट किंवा जेईई द्यायची वेळ आली तर मात्र २०२१ च्या अधिसूचनेनुसार असे कार्ड असलेल्यांना अनिवासी भारतीयांच्या किंवा मंजूर संख्येवरच्या जादा जागाच मिळतात. तो विचार दहा वर्षांनी, तिला विचारून करावा.

कागदांचे बोलून झाले. आता एक अप्रिय प्रश्न विचारते. तिने मावशीकडेच राहणे शक्य नाही, याची तुम्ही खात्री केली आहे का? आपल्याकडे ‘माय मरो, मावशी जगो’ म्हणतात ते उगीच नव्हे. त्या मुलीची शाळा, मैत्रिणी, शेजार आणि आईच्या आवाजाशी जुळणारा आवाज, सारे तिकडे आहे. रात्रपाळीच्या वेळी सोबतीला माणूस ठेवण्याचा खर्च तुम्ही उचललात, सासूबाई सहा महिने तिकडे जाऊन राहिल्या, तर चित्र बदलेल का? मी हे तुम्हांला परावृत्त करण्यासाठी लिहीत नाही. गृहभेटीला येणारी समाजसेविका हेच विचारणार आहे, आणि तुम्ही दोघांनी व मावशीने एकत्र बसून त्याचे उत्तर शोधलेले असेल तर ते उत्तर तुमच्या चेहऱ्यावर दिसेल. तुमच्या मुलालाही विचारा. दहावीच्या वर्षात घरात एक दुःखी बहीण येते आहे. त्याने नुसते ‘हो’ म्हटले, एवढ्यावर थांबू नका.

प्रक्रियेला वेळ लागेल, आणि तो वेळ उपयोगाचा आहे. रोज किंवा एक दिवसाआड ठरावीक वेळी तिच्याशी बोला. उन्हाळ्यात तिकडचे संध्याकाळचे साडेसात म्हणजे आपल्याकडे पहाटेचे पाच. पार्ल्यात दुधवाला यायच्या आधीची ही वेळ कुणीतरी एकाने पत्करावी. प्रत्येक वेळी गंभीर बोलायला हवे असे नाही. पोहे करताना फोन ओट्यावर ठेवला तरी चालेल. शक्य असेल तर तिला आणायला जाल तेव्हा तिच्याच घरात दोन-तीन आठवडे राहा, म्हणजे ती कुठून येते आहे हे तुम्हांला कळेल. तिच्यासाठी नवी खोली गुलाबी रंगवून, खेळण्यांनी भरून ठेवू नका. तिची जुनी चादर, आईचा स्वेटर, वडिलांचा मग, जे तिला हवे ते येऊ द्या, त्यासाठी जास्तीचे सामान पाठवायचा खर्च आला तरी. सात वर्षांच्या मुलाला मेलेले माणूस परत येत नाही हे कळते. म्हणून ‘देवाच्या घरी गेले, येतील’ असली वाक्ये घरातल्या कुणीही बोलू नयेत, शेजारच्या काकूंनीही नव्हे.

आणि हाक. ती तुम्हांला आज मोठे काका आणि काकू म्हणते; तेच म्हणू द्या. कायद्याच्या कागदावर तुम्ही आईवडील व्हाल, शाळेच्या अर्जावरही व्हाल, पण ‘आई’ हा शब्द तिच्या मनात कुणाचा तरी आहे. माझ्या पाहण्यात अशा मुली आहेत ज्या आयुष्यभर काकूच म्हणत राहिल्या आणि लग्नात त्याच काकूच्या गळ्यात पडून रडल्या, आणि एक अशीही होती जिने तीन वर्षांनी, अंघोळीच्या वेळी टॉवेल मागताना, सहज ‘आई’ अशी हाक मारली. त्या काकूंनी तेव्हा काही न बोलता टॉवेल दिला, हे त्यांचे शहाणपण. नाव मुळीच बदलू नका. श्राद्धाच्या दिवशी तिच्यासमोर तिच्या आईवडिलांचे फोटो भिंतीवर असावेत.

प्रश्न : आम्ही कांदिवलीचे. कारावर नोंदणी करून अडीच वर्षे झाली, अजून मूल मिळाले नाही. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, नेपाळला व्हिसा लागत नाही, सीमा खुली आहे, काठमांडूच्या एका आश्रमातून दीड लाखात मूल मिळवून देतो. हे दत्तक कायदेशीर करता येईल का? — एक वाचक, कांदिवली

उत्तर : नाही. पैसे देऊन मूल घेणे हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८१ खाली गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. व्हिसा लागत नाही याचा अर्थ एवढाच की सीमेवर तो कुणी मागत नाही; दत्तकाच्या कायद्याशी त्याचा संबंध नाही. नेपाळने हेग करारावर २००९ मध्ये सही केली, पण अद्याप त्याला मान्यता दिलेली नाही. तेथील ‘टाकून दिलेल्या’ म्हणवल्या जाणाऱ्या मुलांचे कागद विश्वासार्ह नाहीत, हे लक्षात आल्यावर २०१० मध्ये अमेरिकेसह अनेक देशांनी अशी दत्तके थांबवली. शिकवण्याच्या आमिषाने डोंगरी जिल्ह्यांतून काठमांडूला आणलेल्या, आईवडील हयात असलेल्या मुलांना अनाथ दाखवल्याच्या कहाण्या याच काळातल्या आहेत. दीड लाखाला मिळणाऱ्या त्या मुलाची आई कुठे आहे, हे तुमच्या ओळखीच्या गृहस्थांना विचारून पाहा.

काराची नोंदणी मात्र रद्द करू नका. प्रतीक्षायादी मोठी आहे, आणि दोन वर्षांखालचे निरोगी मूल हवे असणाऱ्यांची रांग सर्वांत मोठी आहे. तुमच्या अर्जात मुलाचे वय काय लिहिले आहे ते एकदा पाहा. चार ते आठ वर्षांचे मूल घेण्याची तुमची तयारी असेल, तर संस्थेच्या समाजसेविकेशी त्याविषयी बोला.